काराकोरम ते सोल : मंगोल स्वारीच्या नोंदी

४ मे. तयारी

सिव्हिलायझेशन ५ या संगणकावरच्या, टर्नने (पाळीपाळीने) चालणाऱ्या खेळात विज्ञानाने जिंकलो आहे, संस्कृतीने जिंकलो आहे, एकदा मतांच्या जोरावरही जिंकलो आहे. दिग्विजय, म्हणजे लढून जिंकणं, मात्र ‘किंग’ पातळीवर एकदाही साधलेला नाही. आठ पातळ्यांतली ही पाचवी. तीनदा मांडला, तीनदा अर्ध्यावर सोडला. आज ते तिन्ही जुने सेव्ह (साठवलेले डाव) उघडून पाहिले. तिन्हींत दुखणं एकच निघालं: माझी फौज सीमेवर पोचेपर्यंत समोरच्यांनी तट चढवलेले होते आणि त्यांच्या हातात बंदुका आलेल्या होत्या. लढाईत मी कमी पडलो नव्हतो, निघायलाच उशीर केला होता. म्हणून या वेळी वही घातली आहे. ज्या दिवशी खेळेन त्या दिवशी उठण्याआधी नोंद करायची.

जिंकण्याची अट साधी आहे. बाकीच्या प्रत्येक राष्ट्राची मूळ राजधानी माझ्या ताब्यात हवी. त्यांची इतर शहरं त्यांच्याकडे राहिली तरी चालतील. मी धरून सहा राष्ट्रं, म्हणजे पाच शहरं. नकाशा लहान, जमीन बहुतेक सलग, वेग नेहमीचा, खेळाचे दोन्ही विस्तार (जादा भाग) सुरू. समोर कोण येणार ते खेळावर सोडलं.

मी मंगोल घेतले. त्यांच्या सगळ्या घोडदळाला एक पाऊल जास्त मिळतं. इतरांना नाइट (चिलखती स्वार) मिळतो तिथे त्यांना केशिक मिळतो: घोड्यावरचा तिरंदाज. नकाशा षटकोनी घरांचा, हा दोन षटकोनांवरून बाण मारतो आणि मारून झाल्यावर उरलेल्या पावलांत मागे फिरतो. पाच पावलांत दोन आत, बाण, दोन बाहेर. त्याची उणीव एकच आहे, तो शहरात शिरून ते ताब्यात घेऊ शकत नाही. त्यासाठी मागे साधा स्वार हवा.

खरे केशिक म्हणजे चंगीझ खानाचं खासगी रक्षक दल. १२०६ च्या कुरुलताईनंतर (मंगोल सरदारांच्या सभेनंतर) ते दहा हजारांपर्यंत वाढवलं गेलं. रात्रीचे पहारेकरी वेगळे, दिवसाचे वेगळे, भाता बाळगणारे वेगळे, आणि सगळे पाळीपाळीने खानाच्या तंबूभोवती. पाळीपाळीने चालणाऱ्या खेळात पाळीपाळीने पहारा देणारे स्वार माझे मुख्य हत्यार असणार, हे मला फार आवडलं.

६ मे. टर्न ० ते ६२

काराकोरम नदीकाठी वसवलं. अ‍ॅनिमल हज्बंड्री (पशुपालनाचा शोध) मिळाल्यावर घोडे दिसले: राजधानीजवळ चार, आणि पूर्वेला पाच-सहा षटकोनांवर आणखी चार. दुसरं शहर बेशबालिक तिथेच बसवलं, तिसरं तुर्फान दक्षिणेला डोंगराच्या कुशीत. खेळात ही मंगोल शहरं म्हणून येतात, इतिहासात मात्र दोन्ही उइगुरांची. त्यांचा राजा १२०९ मध्ये न लढता चंगीझकडे आला, आणि पुढे मंगोलांची लिपी आणि कारकुनी उइगुरांकडूनच आली.

चौथं शहर मुद्दाम वसवलेलं नाही. कारण पुढे येईल.

आज खरं काम रथांचं झालं. चाकाचा शोध लागला की रथावरचे तिरंदाज मिळतात. त्यांनाही घोडे लागतात, पण ते स्वस्त असतात. महत्त्वाची गोष्ट ही की शिव्हलरी (केशिक देणारा शोध) आल्यावर हेच रथ सोनं भरून केशिक करता येतात आणि रथाने कमावलेल्या बढत्या केशिककडे तशाच जातात. पाच रथ केले आणि रानटी टोळ्यांच्या छावण्यांभोवती फिरवत ठेवले. रानट्यांना मारून अनुभव ३० गुणांपर्यंतच मिळतो, पण १० ला पहिली आणि ३० ला दुसरी बढती, म्हणजे दोन बढत्या फुकटात पदरात.

७ मे. टर्न ६३ ते ११८

शेजारी कळले. पश्चिमेला इथिओपिया, दक्षिणेला चीन, त्यापलीकडे पर्शिया आणि बॅबिलोन, अगदी पूर्वेच्या टोकाला कोरिया.

ऑनर धोरणातून वॉरियर कोड घेतला. त्यात एक सेनापती फुकट मिळतो आणि मंगोलांचा सेनापती म्हणजे खान. दोन षटकोनांच्या आतल्या तुकड्यांना पंधरा टक्के जोर देतो, शेजारच्यांच्या जखमा लवकर भरतो आणि घोडदळाबरोबर धावतो. इतरांचा सेनापती दोन पावलांचा, त्याच्यासाठी स्वारांना थांबावं लागतं.

सगळं संशोधन शिव्हलरीच्या वाटेवर लावलं. त्यासाठी वाचनालयं उशिरा झाली, आश्चर्यं, म्हणजे खेळातल्या भव्य वास्तू, त्यांतलं एकही बांधलं नाही. शेजारची तीन नगरराज्यं गिळण्याचा मोहही आवरला. मंगोलांना नगरराज्यांविरुद्ध तीस टक्के जास्त जोर मिळतो, त्यामुळे हात शिवशिवतात. पण एकामागून एक नगरराज्य घेतलं की बाकीची सगळी सावध होतात, आणि मला पुढे त्यांची दोस्ती लागणार आहे. उलट बुडापेस्ट या नगरराज्याला सोनं देऊन मित्र केलं.

टर्न ११८ ला शिव्हलरी. इसवी सन ७५. साडेसहाशेच्या वर सोनं साठवून ठेवलं होतं, ते सगळं पाच रथांवर घातलं. सहावा केशिक काराकोरमला तयार होत होता, दोन साधे स्वार आधीच होते. आठ घोडे, आठ तुकड्या, एकही घोडा मोकळा नाही. पहिल्या केशिकला नाव दिलं: जेबे. मंगोल भाषेत जेबे म्हणजे बाण. ज्याने लढाईत चंगीझचा घोडा पाडला आणि पुढे येऊन ते कबूल केलं, त्याला चंगीझने हे नाव देऊन आपला सरदार केलं.

१० मे. टर्न ११९ ते १३०. अदिस अबाबा

इथिओपियाला ‘अदुवाचा आत्मा’ नावाचा गुण आहे: ज्या राष्ट्राची शहरं इथिओपियापेक्षा जास्त, त्याच्याशी लढताना त्यांच्या फौजेला वीस टक्के जादा जोर. १८९६ मध्ये मेनेलिकच्या सैन्याने अदुवाला इटलीच्या फौजेचा पाडाव केला, त्यावरून हा गुण आला आहे. दिग्विजयाला निघालेल्यासाठी हा सगळ्यात अवघड शत्रू, कारण जिंकत जाणाऱ्याची शहरं वाढतच जाणार. इथिओपिया शेवटी ठेवला तर ते वीस टक्के मी स्वतःच त्यांच्या हातात ठेवल्यासारखं होईल. म्हणून तो पहिला, आणि म्हणूनच मी तीन शहरांवर थांबलो होतो. त्यांची चार होती.

दुसरी बाब त्याहून बारीक. अदिस अबाबा पडल्या क्षणी माझी चार आणि त्यांची तीन होतात, आणि गुण जागा होतो. म्हणजे आधी सीमेवरची शहरं घेत जाण्यात तोटा. सरळ राजधानी गाठायची, घ्यायची आणि लगेच तह.

शहर टेकडीवर, भोवती तट. त्यांचे भालाईत पुढे आले तेव्हा सहा केशिकांनी दोन टर्नमध्ये चार तुकड्या संपवल्या आणि माझ्या एकाही तुकडीला भाला लागला नाही. मग शहर. शहराचा मार दोन षटकोनांपर्यंत पोचतो, केशिकचा बाणही तेवढाच, त्यामुळे थोडं सोसावंच लागतं. जो जखमी झाला तो मागे खानाशेजारी, दुसरा त्याच्या जागी. टर्न १२७ ला साधा स्वार आत शिरला.

विजेत्यासमोर तीन पर्याय येतात: शहर खालसा करा, मांडलिक ठेवा, किंवा जाळून बेचिराख करा. भाचा सुट्टीसाठी आला आहे, शेजारीच बसला होता.

“मामा, जाळून टाक ना. परत कोणी घेणारच नाही.”

“राजधानी जाळता येत नाही रे. आणि येत असती तरी ती राखायचीच आहे, जिंकायचं ते तिच्यावरच.”

मांडलिक ठेवलं. टर्न १३० ला तह झाला. हेले सेलासीने दर टर्नला सोनं द्यायचं कबूल केलं.

१२ मे

आज फक्त हिशेब. कालपर्यंत नाराजीकडे नीट बघितलं नव्हतं. प्रत्येक शहरामागे तीन, प्रत्येक नागरिकामागे एक. अदिस अबाबा घेतलं तेव्हा वस्ती चौदा होती, पडल्यावर निम्मी झाली. तरी तीन अधिक सात, एका शहराने दहाचा भार टाकला. माझ्याकडे समाधानाची शिल्लक होती बारा. आता दोन.

बीजिंग घेतलं की उणे होणार. एका नव्या चैनीच्या मालाने चार मिळतात, म्हणून कोरियाला माझं जास्तीचं मीठ देऊन रेशीम घेतलं. तिन्ही शहरांत कोलोसियम लावले. काराकोरमला सर्कस, घोडे जवळ असल्यामुळे ती बांधता येते. या सगळ्यात नऊ टर्न गेले. वाट पाहणं जिवावर आलं होतं, पण रिकाम्या कोठारावर मोहीम काढायची नाही हे मागच्या खेळांतून शिकलो आहे.

१७ मे. टर्न १३९ ते १४९. बीजिंग

या मोहिमेबद्दल सविस्तर लिहायचं आहे.

चीनच्या हद्दीत शिरलो आणि केशिक दोन षटकोन जाऊन थांबले. पाच पावलं असूनही. मग लक्षात आलं: वू झेतिआनने चीनची भिंत बांधली आहे. ते आश्चर्य ज्याच्याकडे, त्याच्या हद्दीत शत्रूच्या जमिनीवरच्या तुकडीला प्रत्येक षटकोनासाठी एक पाऊल जास्त मोजावं लागतं. माझा सगळा खेळ ‘आत, बाण, बाहेर’ असा, आणि त्यातलं ‘बाहेर’च गेलं. पहिल्याच टर्नला दोन केशिक आत अडकले. चिनी भालाईतांना घोडदळाविरुद्ध दीडपट जोर, आणि मागे चु-को-नु, एका टर्नमध्ये दोनदा मारणारे धनुर्धर. दोन्ही केशिक गेले. त्यातला एक पहिल्या पाच रथांतला होता.

खरी गोष्ट अशी की आज फोटोत दिसते ती विटादगडांची भिंत बहुतांशी मिंग काळातली, मंगोलांची सत्ता गेल्यानंतरची. चंगीझच्या वेळी उत्तरेत जिन घराण्याचे मातीचे बंधारे आणि खिंडींतले किल्ले होते. १२११ मध्ये स्वारी सुरू झाली, आणि जिनांची राजधानी झोंगदू, म्हणजे आजच्या बीजिंगच्या जागेवरचं शहर, १२१५ मध्ये पडलं. मधली चार वर्षं मंगोल सारखे तटावर डोकं आपटत नव्हते. ते येत, परत जात, पुन्हा येत. चुयोंगच्या खिंडीत माघारीचं सोंग करून त्यांनी जिनांची फौज बाहेर ओढली होती.

इथे मला पालखेड आठवलं. फेब्रुवारी १७२८. निजामाचा तोफखाना जड. पहिल्या बाजीरावाने त्याच्याशी समोरासमोर गाठ घेतलीच नाही. मुलूख मारत त्याला मागे मागे फिरवलं, तोफा मागे पडल्या, आणि पाणी तुटलेल्या जागी आणून कोंडलं. शाळेत हे दोन ओळींत शिकलो होतो. काल रात्री ते पुन्हा वाचलं आणि मग खेळ उघडला.

चिनी हद्दीबाहेर उत्तरेला मोकळं माळरान आहे. तिथे भिंतीचा नियम लागत नाही. चार केशिक त्या माळावर मागे घेतले आणि एक जखमी तुकडी हद्दीच्या रेषेबाहेर मुद्दाम उघड्यावर ठेवली. चिनी भालाईत तिच्यामागे आले. पहिल्या टर्नला तीन, पुढच्याला चार, त्यांच्यामागून चु-को-नु. माळावर आल्यावर ते दोन पावलांचे आणि माझे पाच पावलांचे. पाच टर्न हेच चाललं. मोजून अकरा तुकड्या मारल्या, माझी एकही गेली नाही. या लढाईत जेबेला चौथी बढती मिळाली.

त्यानंतर बीजिंगपाशी रक्षक उरलेच नव्हते. भिंत असून नसल्यासारखी, कारण घाई करायची गरज राहिली नव्हती. एका टर्नला दोन षटकोन चालत गेलो. काराकोरमहून आलेला नवा केशिक येऊन मिळाला. टर्न १४९ ला शहर घेतलं, आणि भिंत माझी झाली. आता माझ्या हद्दीत येणाऱ्या पर्शियनांचे पाय जड होणार.

१९ मे

वळवाचा पाऊस, संध्याकाळी वीज गेली. ऑटोसेव्ह दर दहा टर्नवर ठेवला होता, आठ टर्न वाहून गेले. ते दर टर्नवर आणून ठेवलं. गेलेले टर्न पुन्हा खेळलो, विशेष फरक पडला नाही.

२० मे. टर्न १५० ते १६४

समाधानाची शिल्लक उणे बारा. ही चूक सरळ लिहून ठेवतो. बीजिंगनंतर चीनने शांघाय देऊ केलं आणि मी तहात घेतलं, हिशेब न करता. त्याच टर्नला कोरियाने माझा निषेध केला. रेशमाचा करार तुटला होता, तो त्यांनी पुन्हा केला नाही. चार तिकडे गेले, शांघायचे नऊ इकडे आले.

शून्याखाली गेलं की शहरांची वाढ मंदावते, उत्पादन घसरतं, लढणाऱ्या तुकड्यांचा जोरही कमी होतो. उणे दहाच्या खाली बंडखोर उठतात. तुर्फानबाहेर तीन तुकड्या उठल्या, माझ्याच मुलखात. पर्शियाकडे निघालेली फौज परत वळवावी लागली.

शांघाय जाळून टाकणं हा सोपा उपाय होता. ते राजधानी नव्हतं, जळलं असतं. दर टर्नला एक वस्ती कमी होत सहा टर्नमध्ये नकाशावरून गेलं असतं. मी थांबलो, आणि थांबण्याचं कारण येलू चुत्साई. हा खितान वंशाचा मंत्री चंगीझचा मुलगा ओगदेई खान याच्या दरबारात होता. उत्तर चीनची शेती उठवून तिथे घोड्यांना कुरणं करावीत असं काही मंगोल सरदारांचं म्हणणं होतं. त्याने खानाला पटवलं की लोक जगू द्या, कर घ्या, मिळकत कितीतरी जास्त होईल. खानाने एक वर्ष करून पाहिलं आणि वसूल झालेली चांदी, रेशीम आणि धान्य त्याच्यापुढे आलं.

शांघायजवळ मोत्यांचा षटकोन होता, वापरात न आणलेला. मजुरांच्या बोटी पाठवल्या. मोती म्हणजे अधिक चार. काठमांडू या नगरराज्याला सोनं देऊन मित्रराष्ट्र केलं, त्यांच्याकडून चैनीचा नवा माल आला, आणखी चार. बीजिंग खालसा करून तिथे न्यायालय विकत घेतलं. ते महाग पडलं, पण पुढे बीजिंगलाच तुकड्या तयार करता येतील. टर्न १६४ ला शिल्लक अधिक तीन. चौदा टर्न गेले. शहर राखलं, वेळ घालवला. माझ्या मते सौदा बरोबर झाला. शांघायचं सोनं पुढे आरमाराला लागणार आहे, हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हतं.

२५ मे. टर्न १६५ ते १८३. पर्शिया आणि बॅबिलोन

पर्शियाने बॅबिलोन टर्न १३१ लाच घेतलं होतं आणि नेबुकद्नेझरचं राष्ट्र संपलं होतं. म्हणजे दरायसकडे दोन राजधान्या, एका युद्धात दोन्ही.

पर्शियाचं सुवर्णयुग दीडपट चालतं, आणि ते चालू असताना त्यांच्या तुकड्यांना एक पाऊल आणि दहा टक्के जोर जास्त. सीमेवर एक केशिक नुसता पहात ठेवला. त्यांचे भालाईत तीन षटकोन चालत होते. सात टर्नांनी दोन चालायला लागले. त्याच टर्नला युद्ध पुकारलं.

पर्सेपोलिस टेकडीवर, तट आणि वर गढी. केशिकांचे बाण तिथे नुसते टिचतात. एका टर्नमध्ये जेवढं पाडावं त्यातलं बरंचसं शहर भरून काढतं. बीजिंगला तयार करून घेतलेली दोन दगडफेकी यंत्रं, ट्रेबुशे, मागून आणली. ती दोन पावलं चालतात आणि मारण्याआधी एकदा मांडावी लागतात. केशिकांनी फक्त त्यांची राखण केली. खऱ्या मंगोलांनाही हेच करावं लागलं होतं. शियांगयांगचा वेढा १२६८ पासून चालला, आणि शेवटी चंगीझच्या नातवाने, कुबलाईने, इराणातल्या आपल्या पुतण्याकडून, अबाकाकडून, यंत्रकार मागवले. त्यांच्या मोठ्या दगडफेकी यंत्रांपुढे १२७३ मध्ये शहर शरण आलं.

पर्सेपोलिस टर्न १७६, बॅबिलोन टर्न १८३. बॅबिलोन घेतल्यावर एक चौथा पर्याय आला: मुक्त करा. मुक्त केलं तर नेबुकद्नेझर परत उभा राहिला असता, माझ्या नावावरचा युद्धखोरीचा डाग बराच पुसला गेला असता, एक मित्रही मिळाला असता. पण त्याची राजधानी मला पुढे त्याच्याकडूनच घ्यावी लागली असती. ज्याला हात देऊन उठवायचं त्याच्यावरच पाच टर्नांनी चालून जायचं, हे मला करवलं नाही. मांडलिक ठेवलं. बराच वेळ त्या खिडकीसमोर बसलो होतो.

१ जून. टर्न १८४ ते १९३. सोल, पहिला प्रयत्न

एकच राजधानी उरली, आणि तिच्यापुढे घोडदळ संपलं.

सोल एका चिंचोळ्या भूशिरावर आहे. जमिनीवरून एका षटकोनाची वाट, दोन्ही बाजूंना डोंगर. एका षटकोनात एकच तुकडी राहते, म्हणजे माझ्याकडे कितीही केशिक असले तरी पुढे एकच. समोर त्यांचे क्रॉसबोवाले आणि ह्वाचा. हे यंत्र शहरांपेक्षा तुकड्यांवर जास्त जहाल. चार टर्नमध्ये तीन केशिक गेले. माघार घेतली.

भाच्याने नकाशावर बोट ठेवलं. “मामा, तीन बाजूंनी पाणी आहे की.”

कोरियातल्या गोर्यो राज्याच्या दरबाराने १२३२ मध्ये हेच केलं होतं. मंगोल येताहेत म्हणून राजधानी गांगह्वा बेटावर नेली. मधली खाडी अरुंद, पण मंगोलांपाशी तेव्हा आरमार नव्हतं. दरबार १२७० पर्यंत तिथे टिकला. मुख्य भूमी मात्र पुन्हा पुन्हा लुटली गेली. मी जमिनीचाच विचार करत राहिलो, त्यामुळे एवढं उघड उत्तर मला त्याच्याकडून ऐकावं लागलं. शाळा सुरू होणार म्हणून तो उद्या परत जातोय.

कोरियाशी तह केला. दहा टर्न तो मोडता येत नाही, तेवढे मलाही हवेच आहेत. संशोधन नॅव्हिगेशनवर (नौकानयनाच्या शोधावर) लावलं.

८ जून. टर्न १९४ ते २१०

नुसती बांधणी. शांघायला गॅलिअस (वल्ह्यांची लढाऊ जहाजं) केली, तीन. नॅव्हिगेशन आल्यावर सोनं भरून त्यांच्या फ्रिगेट (तोफांची शिडाची जहाजं) झाल्या. फ्रिगेटला लोखंड लागतं. माझ्या मूळ मुलखात ते नव्हतं, पर्शियाच्या एका शहराबरोबर चार आलं. एक आणखी बुडापेस्टकडून, मित्रराष्ट्र म्हणून. एकूण पाच फ्रिगेट. फ्रिगेट लांबून मारते, शहर घेत नाही, अगदी केशिकसारखीच. घ्यायला एक प्रायव्हेटीअर (जवळून हल्ला करणारं जहाज). शांघाय जाळलं असतं तर या किनाऱ्यावर मला बंदरच नव्हतं.

१५ जून. टर्न २११ ते २१९

कोरियाच्या कासव नौका उथळ पाण्यातच चालतात, खोल समुद्रात जात नाहीत. आरमार बाहेरून, खोल पाण्यातून वळवून आणलं. तरी भूशिराच्या टोकाला दोन कासव नौका भेटल्याच. एक फ्रिगेट बुडाली. दोन्ही कासव नौका बुडवायला तीन टर्न लागले.

उरलेल्या चार फ्रिगेटनी टर्न २१६ ला सोलवर मारा सुरू केला. त्याच वेळी जमिनीवरून केशिक वाटेच्या तोंडाशी आणून उभे केले, आत न शिरता. कोरियाची फौज त्यांच्याकडे तोंड करून तिथेच अडकली, हे उघड दिसत होतं. शहराचा मार मात्र सगळा जहाजांवर. दर टर्नला सर्वांत जखमी फ्रिगेट मागे, बाकीच्या पुढे, अदिस अबाबाला केशिक फिरवले होते तसंच.

टर्न २१९, इसवी सन १५४५. सोलच्या ताकदीच्या पट्टीत हिरवं काही उरलं नाही. प्रायव्हेटीअर दोन षटकोनांवर होती. तिला सरकवलं, शहर घेतलं, आणि विजयाचं चित्र आलं. पाच राजधान्या, नऊ मांडलिक आणि खालसा शहरं, शिल्लक अधिक एक.

भाच्याला फोन लावला. “पाण्यातून घेतलं ना?” एवढंच त्याने विचारलं.

‘अजून एक टर्न’ दाबून नकाशा पुन्हा उघडला. पहिल्या पाच रथांतले दोनच उरले होते. जेबे त्या चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी उभी होती, अर्धी जखमी. तिला काराकोरमला परत पाठवलं. भिंतीवरून, चिनी माळावरून, बेशबालिकवरून. पाच पावलांनी नऊ टर्न लागले. पोचल्यावर सेव्ह केलं.